रिव्ह्यू विथ सीबीसी: अक्काची केमो आणि ओपीडीचं वेळापत्रक

अक्काच्या पिशवीत एक चिठ्ठी आहे. दुसरी केमो झाली त्या दिवशी निवासी डॉक्टरांनी खरडलेली. तिच्यावर इंग्रजीत तीनच शब्द, 'रिव्ह्यू विथ सीबीसी', आणि खाली एकवीस दिवसांनंतरची तारीख. सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी. या तीन शब्दांचा खरा अर्थ कळायला आम्हाला एसटीच्या दोन फेऱ्या आणि माझं एक भांडण लागलं.

मी फलटणला राहतो. एसटीत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून. कुठली गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, उशीर का झाला, हे लिहून ठेवायची सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. अक्काच्या उपचारांच्या काळात मी एक वही केली होती. हे सगळं त्या वहीवरून आणि अक्काला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिव्ह की, पर माजं नाव नगं." रुग्णालयाचंही नाव लिहीत नाही. पुण्यातलं आहे, धर्मादाय आहे, तिथले डॉक्टर चांगले आहेत, आणि अक्का आज आहे ती त्यांच्यामुळे. तरीही जे झालं ते झालं.

अक्का अठ्ठावन्न वर्षांची. माण तालुक्यात गाव, दीड एकर जमीन, दोन म्हशी. डाव्या स्तनात गाठ निघाली, बायोप्सी झाली, ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठींपैकी दोनांत रोग सापडला. मग केमो ठरली: आधी 'एसी' म्हणतात त्या दोन औषधांचे चार डोस, दर एकवीस दिवसांनी. त्यातलं एक औषध लालभडक असतं, लघवीसुद्धा दिवसभर लालसर होते. ते झाल्यावर पॅक्लिटॅक्सेल, दर आठवड्याला एक, असे बारा. खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती, २०१७ मध्ये नाव बदललं. पिवळं रेशन कार्ड होतं म्हणून पैशाचा प्रश्न सुटला. वेळेचा सुटला नाही.

पुण्यात राहायची सोय करूया असं मी आधीच सुचवलं होतं. अक्काचं उत्तर ठरलेलं. "आन् म्हशी काय दाजी बघत्याल व्हय? त्यास्नी च्या सुदीक करता येत न्हाय." भाचा चाकणला कंपनीत, पाळीवर. म्हणून व्यवस्था अशी बसली की केमोच्या आदल्या दुपारी अक्का दहिवडीहून फलटणला माझ्याकडे येणार, मुक्काम करणार, पहाटेच्या गाडीनं आम्ही दोघं पुण्याला जाणार आणि संध्याकाळी परत. बायकांना अर्धं तिकीट आहे मार्च २०२३ पासून, त्यामुळे तिचा जाण्यायेण्याचा भार फार नव्हता.

मंगळवार

तिसऱ्या केमोचा दिवस. माझ्या वहीतली नोंद जशीच्या तशी देतो, फक्त वाक्यं जोडून.

फलटण ५.०५ला सुटलो. लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड, मग दिवे घाट. स्वारगेट ८.२०. रिक्षानं रुग्णालयात ८.५०. टोकन ६१. पुण्यातली माणसं साडेसहापासून टोकनच्या रांगेत चपला ठेवून उभी असतात. आम्ही पहिल्या गाडीनं निघालो तरी साठ जणांच्या मागं. हा नियम कुणी मुद्दाम केलेला नाही, पण 'जो आधी येईल तो आधी' याचा अर्थ 'जो जवळ राहतो तो आधी' असाच होतो. आमच्या आगारातसुद्धा हे असंच व्हायचं, आरक्षण खिडकी उघडायच्या आधी पहिल्या दहात नेहमी स्टँडमागच्या आळीतलीच मंडळी.

केसपेपर ९.१०. खिडकीवरच्या मुलीनं चिठ्ठी बघून सांगितलं, "सीबीसी आहे, लॅबला जा." लॅबची रांग. रक्त घेतलं ९.५५ला. रिपोर्ट कधी? "दोन तास." मिळाला १२.४० ला. डॉक्टरांची खोली १.१५.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवर नजर टाकली. एकूण पांढऱ्या पेशी २,६००, त्यात न्यूट्रोफिल ३८ टक्के. म्हणजे झुंज देणाऱ्या पेशी हजाराच्याही खाली, ९८८. हा हिशेब मी नंतर शिकलो: एकूण आकडा गुणिले न्यूट्रोफिलचे टक्के, भागिले शंभर. त्या म्हणाल्या, "आज देता येणार नाही. निदान पंधराशे हवेत. शुक्रवारी या." चार मिनिटं. त्यांचं काहीच चुकलं नाही. पेशी कमी असताना केमो दिली तर माणूस जंतुसंसर्गानं जातो, रोगानं नाही.

पण वहीत बघा. रुग्णालयात चार तास पंचवीस मिनिटं. त्यातली दोन मिनिटं सुई, चार मिनिटं डॉक्टर. बाकी सगळी प्रतीक्षा. आणि निकाल काय, तर 'आज नाही'. जे फलटणमध्ये आदल्या संध्याकाळी कळलं असतं ते शंभरावर किलोमीटर जाऊन पुण्यात कळलं. घाट चढताना अक्काला उलटीची भावना झाली, औषध न घेताच. नुसता त्या घाटाचा आणि रुग्णालयाचा वास तिच्या डोक्यात एक झाला होता.

शुक्रवार

चोविसावा दिवस. पुन्हा ५.०५. पेशी आता ४,१०० आणि न्यूट्रोफिल ५२ टक्के, म्हणजे २,१३२. रिपोर्ट १२.२० ला हातात, डॉक्टरांची सही १२.५० ला. आता योजनेच्या खिडकीवर, आरोग्यमित्राकडे. तो बिचारा एकटा, जेवायला गेलेला. १.३० ला आला. कागद चढवले, अक्काचा फोटो काढला, मंजुरी आली २.१० ला. औषधाच्या खिडकीवर गेलो. आतला पोरगा म्हणाला, "केमोची तयारी दोनला बंद होते. उद्या या."

उद्या म्हणजे शनिवार, अर्धा दिवस. अक्का खुर्चीवर भिंतीला डोकं टेकून बसली होती. डोक्याला रुमाल, हातात रिकामी पाण्याची बाटली. माझा तोल गेला. मी त्या पोरावर ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. माझी ड्युटी असताना प्रवासी कंट्रोलरच्या केबिनवर हात आपटायचे तेव्हा मला जे वाटायचं, तेच त्या पोराच्या तोंडावर दिसत होतं.

आवाज ऐकून डे केअरच्या, म्हणजे दिवसाच्या दिवसात केमो देऊन घरी सोडतात त्या विभागाच्या, इनचार्ज सिस्टर बाहेर आल्या. पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात. म्हणाल्या, "काका, ओरडल्यानं औषध लवकर तयार होत नाही. मावशींना आत आणा आधी." त्यांनी फोन केला, कुणाला तरी समजावलं, तीन वाजता सलाईन लागलं. ५.४० ला संपलं.

त्या दोन तासांत मी दाराशी उभा राहून त्यांची माफी मागितली. मग विचारलं, "सिस्टर, तुमचा दिवस कसा चालतो ते मला सांगाल का? मी एसटीत कंट्रोलर होतो, वेळापत्रक समजतं मला." त्या हसल्या. हातमोज्यांचं रिकामं खोकं फाडून पुठ्ठ्यावर बॉलपेननं काढून दाखवलं. तो पुठ्ठा माझ्याकडे आहे.

पुठ्ठ्यावरचं

पहिली गोष्ट. केमोचं औषध आधी तयार करून ठेवत नाहीत. ते बंद कपाटासारख्या खास यंत्रात, हवेचा झोत सोडून, मापून मिसळतात. औषध महाग, मिसळलं की टिकत नाही, आणि पेशंटच्या पेशी कमी निघाल्या तर फेकून द्यावं लागतं. म्हणून रिपोर्ट, सही, मंजुरी हे तिन्ही झाल्याशिवाय आत ऑर्डर जात नाही. हे मला लगेच पटलं. प्रवासी, चालक, वाहक आणि डिझेल, यातलं एक नसेल तर आम्हीही गाडी फलाटाला लावत नव्हतो.

दुसरी. दोनला ऑर्डर बंद करतात याचं कारण आळस नाही. ते लाल औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी जळते, भाजल्यासारखी जखम होते. संध्याकाळी माणसं कमी असताना ते कुणी सुरू करत नाही.

तिसरी, आणि इथं मी खाली बसलो. "बाहेरचा सीबीसी आम्हाला चालतो, काका. ४८ तासांच्या आतला, छापील, पाची प्रकारच्या पेशींचे टक्के दिलेला असला की झालं. 'रिव्ह्यू विथ सीबीसी' म्हणजे सीबीसी घेऊन या." घेऊन या! आम्ही वाचलं होतं: या आणि मग सीबीसी करा. खिडकीवरची मुलगीही तसंच वाचत होती, आणि तिच्यासमोरून जाणारे दीडशे पेशंटही. डॉक्टरांना वाटत होतं, लोकांना इथलाच रिपोर्ट हवा असतो.

चौथी. ९ ते १० या वेळात एक निवासी डॉक्टर फक्त डे केअरचे तयार रिपोर्ट बघायला बसतो. टोकन लागत नाही. "मग तिथं गर्दी का नसते?" "कुणाला माहीत नाही म्हणून." त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मला हसावं की रडावं कळेना. ज्या गाडीची पाटीच लावली नाही ती रिकामी धावणारच.

पाचवी, मंगळवार टाळा. मंगळवारी नव्या पेशंटची ओपीडी असते. एकविसावा दिवस मंगळवारी येत असेल तर बाविसाव्याला या, काही बिघडत नाही, फक्त डॉक्टरांना विचारून.

मी विचारलं, हे सगळं लिहून का लावत नाही? त्या म्हणाल्या, "लावलं होतं. रंगकाम झालं तेव्हा निघालं."

शनिवारची रात्र

हा भाग लांबवून सांगतो, कारण बाकीचं सगळं वेळ वाया जाण्याबद्दल आहे आणि हा जिवाबद्दल.

तिसऱ्या केमोनंतरचा आठवा दिवस. शनिवार, रात्रीचे साडेनऊ. दाजींचा फोन, अक्का कुडकुडतीय. गावातल्या डॉक्टरांनी तापाची गोळी दिली होती आणि सकाळी बघू म्हणाले होते. ताप किती? १०१.२. दाजींनी दुपारीच पुण्याच्या ओपीडीचा नंबर लावला होता. शनिवारी दुपारनंतर तो कुणी उचलत नाही, सोमवारी साडेआठला उचलतात.

मला पहिल्या केमोच्या वेळी दिलेलं इंग्रजी पत्रक आठवलं. त्यात मधेच एक ओळ होती: १००.४ च्या वर ताप गेला तर थांबू नका, थेट या. पत्रक चार पानी, इंग्रजीत, आणि ती ओळ तिसऱ्या पानावर, 'पपई-अननस खावं का' याच्या खाली. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पेशी तळाला जातात. त्या काळात ताप हा ताप नसतो, ती घंटा असते. पहिल्या तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हायला हवं, आणि गोळीनं उतरवलेला ताप उलट फसवतो.

पुणे लांब. भाच्याच्या मित्राची जीप काढून अक्काला फलटणला आणलं, रात्री पावणेबाराला एका खाजगी रुग्णालयात. तिथले तरुण डॉक्टर चांगले होते. त्यांनी विचारलं, "कुठली केमो? कोणती औषधं, किती मिलिग्रॅम, शेवटचा डोस कधी? ऑपरेशन कुठलं? कशाची ॲलर्जी?" आमच्याकडे काय होतं? टोकनच्या चिठ्ठ्या, योजनेचं कार्ड, आणि तो 'रिव्ह्यू विथ सीबीसी'. मूळ फाईल पुण्यातच राहते, रेकॉर्डरूममध्ये. मी तारीख वहीतून सांगितली, आणि 'लाल औषध' म्हणालो. डॉक्टरांनी त्या दोन शब्दांवरून ओळखलं. रक्त घेतलं, निकाल यायची वाट न बघता औषध सुरू केलं. रिपोर्ट आला: एकूण पेशी ९००, न्यूट्रोफिल १८ टक्के. हिशेब करा.

१६२.

पाच दिवस अक्का तिथं होती. तिसऱ्या दिवशी पेशी वर यायला लागल्या. चौथ्या दिवशी तिनं विचारलं की धार कोण काढतंय.

पुढच्या भेटीत मी निवासी डॉक्टरांकडे एकच मागणी केली. एका पानावर, स्वच्छ अक्षरात, सगळं लिहून द्या: आजार, ऑपरेशनची तारीख, औषधांची नावं आणि डोस, प्रत्येक केमोची तारीख, सगळ्यात कमी पेशी किती झाल्या, ॲलर्जी, आणि रात्री फोन करायचा नंबर. त्यांनी सात मिनिटांत लिहिलं (वहीत आहे, १०.०४ ते १०.११). त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक दाजींच्या खिशात, एक माझ्याकडे, एक गावातल्या डॉक्टरांना. रात्रीचा नंबर ओपीडीचा नव्हताच, वॉर्डचा होता. तो चोवीस तास चालू असतो. हेही आधी कुणी सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं.

चौथ्या केमोनंतर पेशी वाढवणारी इंजेक्शनं लिहून दिली, दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस, कातडीखाली. ही थंड ठेवावी लागतात, पण गोठवून चालत नाहीत. दुधाच्या थर्मासमध्ये बर्फ, बर्फावर फडकं, फडक्यावर कुप्या, असं करून मी ती एसटीतून आणली. फलटणपर्यंत माझी जबाबदारी, पुढं गावातल्या मेडिकलवाल्याचा फ्रीज. तिथल्या आरोग्य केंद्राच्या सिस्टरनं रोज सकाळी टोचून दिली. पुण्यातल्या एवढ्या मोठ्या इमारतीपेक्षा त्या एका सिस्टरनं आमचे जास्त हेलपाटे वाचवले असतील.

चौथी केमो

आदल्या संध्याकाळी सहाला फलटणच्या लॅबमध्ये रक्त, साडेसातला मोबाईलवर रिपोर्ट, अडीचशे रुपये. पेशी बऱ्या. सकाळी ५.०५. ८.५० ला रुग्णालय. टोकनच्या रांगेकडे न बघता डे केअर. ९.२० सही. ९.३० योजनेची खिडकी, तेव्हा तिथं कुणीच नसतं. १०.४० ला सलाईन. दीडला बाहेर. सव्वापाचला अक्का माझ्या घरी कढी-भात खात होती. थोडाच खाल्ला, पण खाल्ला.

हे वाचून कुणाला वाटेल, मग झालं की. नाही झालं. पॅक्लिटॅक्सेलच्या पाचव्या आठवड्यात योजनेचा सर्व्हर बंद, आम्ही चारपर्यंत बसलो आणि परत आलो. दुसऱ्याच आठवड्यात औषधाआधी देतात त्या स्टेरॉईडनं अक्काची साखर ३१० वर गेली, त्याचं वेगळं प्रकरण झालं. आणि मुख्य म्हणजे, मला वेळापत्रक वाचता येतं म्हणून आमचं सुटलं. टोकनच्या रांगेत ज्यांना ते येत नाही त्यांनी काय करायचं? पेशंटनं हुशार असावं ही अट कुठल्याच उपचारात नसते.

"बरं हाय"

वेळ वाचली तरी चार मिनिटं चारच राहिली. दर आठवड्याला डॉक्टर विचारणार, "काही त्रास?" आणि अक्का म्हणणार, "न्हाय, बरं हाय." पदर सावरून, थोडं हसून. डॉक्टर लिहिणार 'नो कम्प्लेंट्स'. सातव्या आठवड्यापर्यंत हेच.

अक्का खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे मोठ्या माणसानं विचारलं तर बरं आहे म्हणायचं असतं. रांगेत पन्नास जण मागं उभे असताना आपलं रडगाणं कुठं लावायचं, हा तिचा विचार. शिवाय तिला भीती होती की त्रास सांगितला तर औषध बंद करतील, आणि औषध बंद केलं तर आजार परत येईल. हे तिनं मला फार नंतर सांगितलं.

मला कळलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. आठव्या आठवड्याच्या आदल्या रात्री ती माझ्याकडे मुक्कामी होती. ब्लाउजचे हूक लावायला तिनं माझ्या सुनेला हाक मारली. पूर्वी कधी मारली नव्हती. सुनेनं विचारलं तेव्हा म्हणाली, "बोटास्नी कळंनाच. धार काढताना सड हातात हाय का न्हाय त्ये बघून समजतंय. परवा च्याची वाटी पडली."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या खोलीत जायच्या आधी तिला म्हणालो, "अक्का, तू बरं हाय म्हणू नको. धारेचं सांग फक्त." तिनं मान हलवली. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही त्रास?" अक्का म्हणाली, "न्हाय, बरं..." आणि माझ्याकडे बघून थांबली. मग म्हणाली, "सड कळत न्हाय."

डॉक्टरीणबाई सोलापूरकडच्या असाव्यात. त्यांना लगेच समजलं. पेन खाली ठेवलं. किती दिवस, पायाला पण का, चालताना चप्पल निसटते का, असं बारा मिनिटं विचारलं. चपला निसटत होत्या, तेही त्या दिवशीच कळलं. पॅक्लिटॅक्सेलनं नसांवर परिणाम होतो, बोटं-तळवे बधिर होतात, आणि वेळेत कमी केलं नाही तर ते कायमचं राहू शकतं. त्यांनी डोस वीस टक्क्यांनी कमी केला. शेवटचे चारपाच आठवडे त्याच डोसवर गेले.

त्या दिवसापासून आम्ही ठरवलं: आदल्या रात्री मी वहीत अक्काला विचारून तीन ओळी लिहायच्या. खाल्लं किती, बोटं कशी, झोप किती. डॉक्टरांसमोर वहीच ठेवायची. तोंडानं 'बरं हाय' म्हटलं तरी कागद बोलतो. बधिरपणा अजून पुरता गेलेला नाही. सुईत दोरा घालता येत नाही तिला. धार मात्र काढते.

तक्रार

मी दोन पत्रं लिहिली. पहिलं त्या शुक्रवारच्या रागात, दोन पानी, त्यात टोकन, लॅब, औषधाचा पोरगा, पंखा, स्वच्छतागृह, सगळं. पोच मिळाली, उत्तर नाही. एसटीत असताना असली पत्रं मीही वाचली आहेत. दहा तक्रारींच्या पत्रावर कुठल्या खात्यानं काय करायचं हेच ठरत नाही, मग ते फिरत राहतं.

दुसरं पत्र दहा ओळींचं. मागणी एकच. टोकन खिडकीवर मराठीत पाटी लावा: केमोच्या पेशंटनी ४८ तासांतला बाहेरचा छापील सीबीसी आणला तर टोकन न घेता ९ ते १० मध्ये डे केअरला जावं. सोबत वहीतले दोन दिवस जोडले, मंगळवार आणि चौथ्या केमोचा. इनचार्ज सिस्टरना विचारूनच पाठवलं, नाहीतर त्यांनाच ओरडा बसला असता. सात आठवड्यांनी पाटी लागली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, नीट टाईप केलेली. पाण्याच्या कूलरच्या बरोबर मागं. पाणी प्यायला वाकलं की दिसते.

अक्कानं त्याच्यावर उपाय काढला. बाराव्या आठवड्यापर्यंत ती डे केअरमधली जुनी झाली होती. नवी कुणी बाई रिकाम्या हातानं आत आली की सलाईन लावलेला हात न हलवता अक्का दुसऱ्या हातानं बोलावणार. "कुठल्या गावच्या? इंदापूरच्या? आवं मग तितंच रगात तपासून या की पुढल्या टायमाला. हितं कशाला दिस घालवताय." तिच्याकडून ऐकून दोन बायका माझा नंबरही घेऊन गेल्या.

शेवटच्या पॅक्लिटॅक्सेलनंतर तीन आठवड्यांनी रेडिएशनची तारीख मिळाली. काखेतल्या गाठींमुळे घ्यावं लागणार होतं. पंधरा दिवस, शनिवार-रविवार सोडून रोज. त्या खिडकीवरच्या तंत्रज्ञानं अक्काच्या हातात छापील कार्ड दिलं. त्यावर पंधरा तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे एकच वेळ: सकाळी ७.४०.

अक्कानं ते दोनदा वाचायला लावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बापू, ह्यो बघ. हितं टायम दिलाय." आणि थोडं थांबून, "पर फलटणची पयली गाडी कितीला पोचती म्हनालास?"

८.२० ला. म्हशींची सोय भाच्याच्या बायकोनं तीन आठवडे रजा टाकून केली, आणि अक्का पहिल्यांदाच पुण्यात राहायला तयार झाली.